दोनशे डॉलरचे रिव्हॉल्व्हर आणि त्याची खरी किंमत

१/ गेल्या महिन्यात अमेरिकेतील ओहायो राज्यात राहणाऱ्या माझ्या आतेभावाचा रात्री उशिरा फोन आला. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांकडे जुने रशियन रिव्हॉल्व्हर आहे आणि ते २०० डॉलरला द्यायला तयार आहेत. रविवारी रेंजवर जाऊन कागदी लक्ष्यावर नेम धरण्यापुरते ते घ्यावे का, असा त्याचा प्रश्न होता. "तू इतिहास शिकतेस ना? मग सांग, घेऊ की नको?" या प्रश्नाचा माग काढताना जे हाती लागले, त्याचा हा धागा. #इतिहास #धागा

२/ आधी एक कबुली. एनसीसीच्या शिबिरात .२२ रायफलने झाडलेल्या मोजक्या गोळ्या, एवढाच माझा शस्त्रांचा प्रत्यक्ष अनुभव. दादा मात्र गेली वीस वर्षे तिथे आहे, तेथील नागरिक आहे, आणि कायदा त्याला आडवा येत नाही. म्हणजे 'घेता येईल का' हा प्रश्नच नव्हता. 'घ्यावे का' हा होता. त्याचे बोट एकाच शब्दावर होते: स्वस्त. इतिहासाच्या विद्यार्थ्याने थबकून पाहावे असा हा शब्द आहे. वस्तू स्वस्त असते तेव्हा तिच्या किमतीचा उरलेला भाग कोणीतरी, कुठेतरी भरलेला असतो.

३/ प्रथम त्या शस्त्राची ओळख. बेल्जियममधील लिएज हे शतकानुशतके बंदुका घडवणाऱ्यांचे शहर. तिथल्या लेऑन नॅगंट याने रचलेले हे रिव्हॉल्व्हर रशियन साम्राज्याने १८९५ मध्ये स्वीकारले. सुरुवातीची शस्त्रे लिएजहून आली. पुढे उत्पादन रशियातील तुला येथील सरकारी कारखान्यात सुरू झाले. प्रसिद्ध मोसिन-नॅगंट रायफलीच्या नावातील नॅगंट हाच. झार गेला, क्रांती झाली, नवे राज्य आले, तरी हे रिव्हॉल्व्हर दुसऱ्या महायुद्धापर्यंत तयार होतच राहिले. एकूण संख्या वीस लाखांच्या घरात जाते.

४/ याची रचना विलक्षण आहे. सर्वसाधारण रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्यांचे फिरते सिलिंडर आणि नळी यांच्यात बारीक फट असते आणि तिच्यातून वायू निसटतो. नॅगंटमध्ये घोडा चढवला की सिलिंडर पुढे सरकून नळीला भिडते. काडतुसाच्या आत पूर्ण बुडालेली गोळी आणि नळीत शिरणारे काडतुसाचे तोंड यांमुळे ती फट बंद होते. कल्पना चतुर खरी. पण तिची किंमत अशी की चाप कमालीचा जड झाला, आणि काडतूस जगावेगळे झाले. हे काडतूस लक्षात ठेवा. शेवटी ते पुन्हा भेटणार आहे.

५/ झारच्या सैन्यात या रिव्हॉल्व्हरचे दोन प्रकार होते. अधिकाऱ्यांना नुसता चाप ओढून गोळी झाडता येईल असा, तर साध्या सैनिकांना प्रत्येक वेळी अंगठ्याने घोडा चढवावा लागेल असा. एकाच शस्त्रात वर्गभेद कोरलेला होता. जुलै १९१८ मध्ये येकातेरिनबुर्ग येथे झारच्या कुटुंबाची हत्या करणाऱ्यांच्या हातांतील शस्त्रांत नॅगंट होती. १ डिसेंबर १९३४ रोजी लेनिनग्राडमध्ये सेर्गेई किरोव्ह याचा खून झाला तो नॅगंटनेच. आणि त्याच खुनाचे निमित्त करून स्टालिनने पुढील दडपशाहीची वाट मोकळी केली.

६/ मग हे शस्त्र ओहायोतील एका शेजाऱ्याच्या कपाटात कसे पोहोचले? युद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांनी वापरलेली नॅगंट रिव्हॉल्व्हरे दुरुस्त केली, त्यांना नवा काळसर मुलामा दिला आणि पुढच्या युद्धासाठी जपून ठेवली. ते युद्ध आलेच नाही. १९९१ मध्ये राज्यच संपले. मागे राहिले ते शस्त्रांनी भरलेले साठे आणि परकीय चलनाची गरज. अमेरिकेच्या बाजारात एके काळी ही रिव्हॉल्व्हरे शंभर डॉलरच्या आसपास, कधी त्याहूनही कमी किमतीत मिळत. आज ती किंमत कित्येक पट वाढली आहे. शेजाऱ्याचे २०० डॉलर म्हणूनच दादाला स्वस्त वाटले.

७/ हा व्यापार मात्र १९९१ मध्ये सुरू झालेला नाही. त्याचा पाया घातला सॅम्युएल कमिंग्ज या माणसाने. जन्म १९२७ चा. काही काळ अमेरिकन गुप्तहेर संस्थेत काम केल्यानंतर १९५३ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे, पोटोमॅक नदीच्या काठी तिची गोदामे होती. युद्ध संपलेल्या देशांना नको असलेली शस्त्रे घाऊक घ्यायची आणि अमेरिकन हौशी नेमबाजांना व संग्राहकांना किरकोळीने विकायची, हा त्याचा व्यवसाय.

८/ यातील हिशेब समजून घेण्याजोगा आहे. लष्करासाठी घडवलेल्या पिस्तुलाचा खर्च कुठल्या तरी देशाच्या करदात्याने आधीच भरलेला असतो. युद्ध संपले की सरकारला ते शस्त्र म्हणजे ओझे वाटू लागते: गोदाम, पहारा, तेलपाणी. ते मिळेल त्या भावाने काढून टाकले जाते. म्हणून अशा शस्त्राची बाजारातील किंमत त्याच्या घडणीवरून ठरत नाही. ते विकणाऱ्याला किती घाई आहे आणि घेणाऱ्या देशाचे दार किती उघडे आहे, यावर ती ठरते. दार बंद झाले की तीच वस्तू महाग होते.

९/ दुसरे महायुद्ध चालू असताना अमेरिकेने ब्रिटन व राष्ट्रकुलातील देशांना स्मिथ अँड वेसन कंपनीची 'व्हिक्टरी' नमुन्याची पाच लाखांहून अधिक रिव्हॉल्व्हरे पुरवली. ती ब्रिटिश पद्धतीच्या .३८ काडतुसासाठी होती. युद्धानंतर त्यांतली पुष्कळशी अमेरिकेत परतली. इथे अडचण आली. अमेरिकन गिऱ्हाइकाला वेगळे, लांब व किंचित बारीक असे .३८ स्पेशल काडतूस हवे होते. व्यापाऱ्यांनी सिलिंडरची घरे पुढून कोरून खोल केली, कित्येकांच्या नळ्या कापून आखूड केल्या, आणि माल विकायला काढला.

१०/ विकायचा कसा, हाही प्रश्न सुटलेला होता. १९२७ च्या कायद्याने लपवता येण्याजोगी शस्त्रे टपालाने पाठवण्यास बंदी घातली होती. पण बंदी सरकारी टपालाला होती. खासगी मालवाहतूक कंपन्यांना नव्हती. मासिकातील जाहिरातीचे कूपन कापा, भरा, थोडे पैसे आगाऊ पाठवा, उरलेले माल हाती आल्यावर द्या. समोरासमोर कोणी कोणाला पाहत नसे. कूपनावर लिहिलेले नाव खरे की खोटे, हे विचारणारेही कोणी नव्हते.

११/ १९६३ च्या प्रारंभी लॉस एंजेलिसमधील एका व्यापाऱ्याकडे असेच एक कूपन आले. नाव होते ए. जे. हायडेल. वस्तू: कोरून बदललेले, नळी कापलेले एक व्हिक्टरी रिव्हॉल्व्हर. किंमत २९ डॉलर ९५ सेंट. दहा डॉलर आगाऊ, बाकीचे माल मिळाल्यावर. हायडेल नावाचा माणूस अस्तित्वातच नव्हता. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येनंतर पाऊण तासाने पोलीस अधिकारी टिपिट यांचा खून झाला, तो याच रिव्हॉल्व्हरने. खरेदीदाराचे खरे नाव ली हार्वे ऑस्वाल्ड.

१२/ या प्रकरणातील एक तपशील मला विशेष बोलका वाटतो. वॉरन आयोगासमोर काही तज्ज्ञांनी सांगितले की टिपिट यांच्या शरीरातील गोळ्या याच शस्त्रातून सुटल्या असे त्या गोळ्यांवरून ठामपणे सांगता येत नाही. कारण नळी जुन्या, जाड गोळीसाठी होती. नवी गोळी तिच्यातून सैल जात असल्याने नळीच्या खुणा तिच्यावर सुसंगत उमटत नव्हत्या. पुरावा मिळाला तो रिकाम्या काडतुसांवरून. बाजारासाठी केलेला एक स्वस्त बदल असा थेट न्यायवैद्यक प्रयोगशाळेपर्यंत पोहोचला.

१३/ अशा बदलांचे दुसरे उदाहरण आपल्याकडच्या जुन्या छायाचित्रांतही दिसणारे वेब्ली रिव्हॉल्व्हर. ब्रिटिश व हिंदी फौजेत वावरलेले हे .४५५ चे शस्त्र अमेरिकेत पोहोचल्यावर कित्येकांचे सिलिंडर मागून तासून त्यांत .४५ एसीपी हे तिकडचे सहज मिळणारे काडतूस बसवले गेले. ते बसते, पण त्याचा दाब मूळ रचनेला सोसवेल त्याहून जास्त असतो. 'बसते' आणि 'चालते' या दोन शब्दांतले अंतर ज्यांनी ओळखले नाही, त्यांच्या हातात सिलिंडर फुटल्याच्या कथा जुने नेमबाज आजही सांगतात.

१४/ आता या धाग्यातील सर्वांत महत्त्वाची कथा. ऑगस्ट १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल उसळली. त्या भीतीने एका वृद्ध गृहस्थाने घरच्या रक्षणासाठी ३१ डॉलर ९५ सेंटला आयव्हर जॉन्सन कंपनीचे .२२ चे आठ गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर घेतले. पुढे त्याने ते मुलीला दिले. तिच्या घरी लहान मुले होती. ही वस्तू घरात नको म्हणून तिने ती शेजारच्या १८ वर्षांच्या तरुणाला देऊन टाकली. त्या तरुणाने १९६८ च्या सुरुवातीला ते २५ डॉलरला विकले. घेणाऱ्याचे आडनाव होते सिरहान.

१५/ ४ जून १९६८ रोजी या घरातील धाकट्यांपैकी एक, सिरहान सिरहान, सॅन गॅब्रिएल खोऱ्यातील एका रेंजवर गेला आणि त्याने कित्येक तास लक्ष्यावर गोळ्या झाडल्या. आजूबाजूला इतर हौशी नेमबाज होते. बघणाऱ्याला त्यात वावगे काहीच दिसले नसते: एक तरुण, एक जुने स्वस्त रिव्हॉल्व्हर आणि कागदी लक्ष्य. त्याच मध्यरात्रीनंतर ॲम्बेसेडर हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या वाटेवर त्याने रॉबर्ट केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या. ६ जूनला केनेडी यांचे निधन झाले.

१६/ पोलिसांना शस्त्रावरील क्रमांकावरून पहिला खरेदीदार लगेच सापडला. त्यापुढची साखळी मात्र नोंदींत नव्हती. ती माणसांच्या आठवणींतून जुळवावी लागली. या साखळीतील प्रत्येक हाताकडे पाहा. एकाला भीती वाटली, एकीला मुलांची काळजी वाटली, एकाला २५ डॉलर हवे होते. कोणाचाही हेतू दुष्ट नव्हता. आपण 'सेकंड हँड' असे सहज म्हणतो. पण दुसऱ्या हातानंतर तिसरा असतो, चौथा असतो, आणि तो कोणाचा असेल हे पहिल्या हाताला कधीच ठाऊक नसते.

१७/ त्या वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी. २२ ऑक्टोबर १९६८ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी बंदूक नियंत्रण कायद्यावर सही केली. टपालमार्गे होणारी विक्री थांबली, परवानाधारक विक्रेत्यालाच राज्याच्या सीमा ओलांडून व्यवहार करता येऊ लागला, आयात शस्त्रावर आयातदाराचे नाव कोरणे बंधनकारक झाले. परदेशी लष्करी शस्त्रांचा ओघ आटला. कमिंग्जच्या धंद्याचा सोनेरी काळ त्या दिवशी सरला.

१८/ याच कायद्यात एक शब्दप्रयोग आला, तो म्हणजे 'क्रीडेसाठी योग्य'. दादाच्या रविवारच्या हौसेला कायदेशीर अर्थ मिळाला तो इथे. आयात होणारे शस्त्र क्रीडेला उपयुक्त असले पाहिजे. पण ठरवायचे कसे? सरकारने गुणपत्रिकाच तयार केली. लांबी, वजन, नेम धरण्याची सोय, चापाची घडण यांना गुण. आयात होण्यासाठी पिस्तुलाला ७५ आणि रिव्हॉल्व्हरला ४५ गुण आवश्यक. म्हणजे सीमाशुल्काच्या दारात पिस्तुलाची परीक्षा होऊ लागली.

१९/ परीक्षा आली की अभ्यासही आला. शीतयुद्धानंतर रशियन मकारोव्ह पिस्तुले अमेरिकेत आली, ती नेम जुळवता येणारी क्रीडा-दृष्टी लावून. कारण तिला गुण मिळतात. टोकारेव्ह पिस्तुलाला मुळात हाताने लावण्याचा सुरक्षा-खटका नव्हता आणि पिस्तुलाला तो सक्तीचा होता. म्हणून पोलंड, रुमानिया, युगोस्लाव्हियाच्या टोकारेव्हना आयातीपूर्वी खटका जोडला गेला. आज जुन्या टोकारेव्हवर तो दिसला की समजावे, ही रणभूमीची खूण नाही. अमेरिकन गुणपत्रिकेची आहे.

२०/ कायद्यात फटीही होत्या. पूर्ण पिस्तूल आणता येत नसले तरी सुटे भाग आणता येत. जर्मनीतून भाग आणून मायामीत जोडलेली आरजी रिव्हॉल्व्हरे त्यातूनच बाजारात आली. जॉन हिंक्लीने डॅलसमधील गहाणवटीच्या दुकानातून असे एक रिव्हॉल्व्हर ४७ डॉलरला घेतले आणि ३० मार्च १९८१ रोजी अध्यक्ष रेगन यांच्यावर झाडले. जखमी झालेले त्यांचे माध्यम सचिव जेम्स ब्रेडी यांच्या नावाने १९९३ मध्ये पार्श्वभूमी-तपासणीचा कायदा झाला. तो परवानाधारक विक्रेत्याला लागू आहे. एकाच राज्यातील दोन खासगी व्यक्तींच्या व्यवहाराला संघराज्याचा कायदा अशी तपासणी सांगत नाही. काही राज्ये स्वतःहून सांगतात.

२१/ इथवर वाचून 'स्वस्त पिस्तुलावर बंदीच हवी' असे कोणाला वाटेल. इतिहास तिथेही थांबवतो. १८७९ मध्ये टेनेसी राज्याने कायदा केला: लहान पिस्तुलांची विक्री बंद, अपवाद फक्त 'आर्मी व नेव्ही' पिस्तुलांचा. ती मोठी व महाग शस्त्रे होती आणि यादवी युद्धातून परतलेल्या गोऱ्या सैनिकांकडे बहुधा असतच. दोन वर्षांनी आर्कान्सासनेही तेच केले. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. पण नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या गरीब माणसाला परवडणारे शस्त्र तेवढे बाद झाले.

२२/ आणि आपल्याकडे? अगदी त्याच सुमारास, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हिंदुस्थानात शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना हवा, युरोपीयांना सूट. पुढे राष्ट्रीय सभेने हा भेदभाव दूर करण्याची मागणी वारंवार केली. सातासमुद्रांपलीकडील दोन कायदे, एकाने किमतीची चाळणी वापरली, दुसऱ्याने वंशाची. म्हणून शस्त्रावरील कोणताही नियम वाचताना तो कोणत्या शस्त्राला अडवतो याच्याबरोबरच कोणत्या माणसाला अडवतो, हेही विचारायला हवे.

२३/ हाच वाद विसाव्या शतकातही अमेरिकेत रंगला. जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या अगदी स्वस्त पिस्तुलांविरुद्ध इलिनॉय आणि दक्षिण कॅरोलिनासारख्या राज्यांनी चक्क धातूच्या वितळणबिंदूची अट घातली. समर्थक म्हणाले, ही शस्त्रे घातक व तकलादू आहेत. विरोधक म्हणाले, गरीब वस्तीतील माणसाला स्वरक्षणाचा हक्क नाही काय? दोन्ही प्रश्न खरे आहेत. एकाचे उत्तर दिले की दुसरा आपोआप सुटत नाही.

२४/ भारतात चित्र उलटे दिसते. १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवाना सर्वांनाच लागू झाला, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्राची आयात बंद झाली. त्यामुळे आपल्याकडे जुने वेब्ली किंवा विलायती पिस्तूल लाखांच्या घरात जाते. तीच वस्तू, दार बंद म्हणून महाग. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकले, ते जुन्या लष्करी शस्त्राने नाही, त्या खेळात.२२ चे क्रीडा-पिस्तूल असते आणि सारा कस सरावाचा असतो.

२५/ आता परत नॅगंटकडे. ते जगावेगळे काडतूस आठवते? ७.६२ × ३८ मिमीचे हे काडतूस दुसरे कुठलेही प्रचलित शस्त्र वापरत नाही. सर्बियातील उझित्से येथील कारखाना, इटलीतील फिओक्की, असे मोजकेच उत्पादक. सर्वत्र मिळणाऱ्या ९ मिमीच्या काडतुसापेक्षा याचा भाव दुपटीहून अधिक. त्यात ऑगस्ट २०२१ मध्ये, नवाल्नी विषप्रयोगाच्या निषेधार्थ, अमेरिकेने रशियन शस्त्रे व काडतुसे यांच्या आयातीचे नवे परवाने थांबवले. १८९५ च्या रिव्हॉल्व्हरचे भवितव्य २०२१ च्या निर्बंधांवर येऊन ठेपले.

२६/ काही जण यातून पळवाट काढतात आणि नॅगंटमध्ये .३२ ची काडतुसे घालतात. ती शिरतात, पण सैल बसतात, फुगतात, कधी फाटतात. वेब्लीची गोष्ट इथे पुन्हा घडते. दुसरी पळवाट म्हणजे जुनी लष्करी काडतुसे. त्यांच्या टोपीतील रसायन जळल्यावर नळीत क्षार उरतो, तो हवेतील ओल धरतो, आणि त्याच दिवशी पाण्याने धुऊन तेल दिले नाही तर गंज चढतो. ज्या जुन्या नळ्या आज आतून काळवंडलेल्या व खडबडीत दिसतात, त्यांपैकी पुष्कळांची कथा हीच आहे.

२७/ शिवाय नेमबाजीचा प्रश्न उरतोच. नॅगंटचा चाप इतका जड की तो ओढताना नवशिक्याचा हात हलतो आणि लक्ष्य सुटते. काडतुसे एकेक भरायची, रिकामी एकेक काढायची. सात गोळ्या झाडायला मिनिट लागत नाही, पुन्हा भरायला मात्र बराच वेळ जातो. संग्राहकाला यात आनंद आहे. इतिहास हाताला कळतो. पण ज्याला नेम शिकायचा आहे, त्याला हे शस्त्र शिकवण्यापेक्षा दमवते अधिक.

२८/ मी दादाला पाच प्रश्न लिहून पाठवले.
एक: हे आले कुठून, त्यावर आयातदाराचे नाव आणि क्रमांक आहेत का?
दोन: मूळ रचनेत कोणी काही कोरले, कापले, तासले आहे का, आणि एखाद्या जाणत्या बंदूक-कारागिराने ते तपासले आहे का?
तीन: याचे योग्य काडतूस पुढची दहा वर्षे मिळेल का, आणि वर्षभराच्या काडतुसांचा खर्च किती?
चार: व्यवहाराची नोंद राहणार आहे का?
पाच: तुझ्यानंतर हे कोणाच्या हातात जाईल?

२९/ तीन दिवसांनी त्याचा फोन आला. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे त्याने शोधली होती. रिव्हॉल्व्हर न बदललेले, पण सोबतच्या डब्यात जेमतेम चौदा काडतुसे. वर्षाची काडतुसे आणि कुलपाची पोलादी पेटी धरली तर २०० डॉलरचे शस्त्र त्याच्या कितीतरी पटींत जात होते. चौथ्यासाठी परवानाधारक दुकानातून व्यवहार करायला शेजारी तयार होते. "पाचव्यापाशी अडलो गं," तो म्हणाला. "आर्यन पंधरा वर्षांचा आहे." मग बराच वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही.

३०/ दादाने ते घेतले नाही. रविवारी तो रेंजवर जातो, तिथलेच .२२ चे पिस्तूल भाड्याने घेतो, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली नेम शिकतो आणि निघताना ते परत करतो. शेजारच्या आजोबांनाही त्याने सुचवले आहे की कोणा अनोळखी माणसाला देण्यापेक्षा परवानाधारक विक्रेत्यामार्फत एखाद्या संग्राहकाकडे ते जावे. दुसऱ्या कोणी वेगळा निर्णय घेतला, सर्व प्रश्नांची उत्तरे त्याच्यापाशी असली, तर तोही चुकीचा म्हणता येणार नाही.

३१/ मला मात्र त्या वृद्ध गृहस्थाची मुलगी आठवत राहते. घरातील लेकरांच्या काळजीने तिने शस्त्र घराबाहेर काढले. तिचा विचार योग्यच होता. एवढेच की शस्त्र घराबाहेर गेले म्हणजे जगाबाहेर गेले असे होत नाही. जुने पिस्तूल विकत घेणारा त्याची मागची साखळी विकत घेतो, आणि पुढची साखळी त्याच्यापासून सुरू होते. त्या साखळीतील आपला दुवा कसा असावा, एवढेच फक्त आपल्या हाती असते.

धागा इथे संपतो. आपल्या घरात, संग्रहालयात किंवा आजोबांच्या आठवणींत एखाद्या जुन्या शस्त्राची कथा असेल तर जरूर लिहा. शस्त्र कुठून आले, हे तर सांगाच. पण ते पुढे कुठे गेले, हेही सांगा.